ओढ्याच्या पात्रातले पोलीस

आमच्या पोलीस लाइनीत ‘निरंक’ या शब्दाला जेवढा मान होता, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाला असेल. बंदोबस्तावर गेलेल्या तुकडीकडून रोज संध्याकाळी बिनतारी यंत्रावर अहवाल येत असे, आणि सांगण्यासारखे काही घडले नसेल तर त्यात एवढा एकच शब्द असे. बिनतारी खोलीत काम करणारे काका आमच्या शेजारीच राहत. ड्यूटी संपवून येताना ते आमच्या दारासमोर सायकल हळू करीत आणि न उतरताच म्हणत, "वहिनी, निरंक." मगच आई परातीतल्या पिठात पाणी घाली. तोवर ज्वारीचे पीठ कोरडे असे, आणि चुलीवरचा तवा उगाचच तापत असे. मी पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी. शून्य हेही एक मोजमाप आहे आणि तेही काळजीपूर्वकच घ्यावे लागते, हे मला प्रयोगशाळेत शिकवले गेले होते. त्या शून्यावर एका घराचा स्वयंपाक अडलेला असतो, हे मात्र मी घरातच पाहिले.

ते १९७४ साल. कोल्हापूरहून एम.एस्सी. करून मी सोलापुरात एका महाविद्यालयात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. सकाळी मुलांकडून सोनोमीटरचे प्रयोग करून घ्यायचे, दुपारी वाचनालयात बसायचे, असा माझा दिवस होता. मला केंद्रीय सेवेची परीक्षा द्यायची होती, आणि तीही पोलीस सेवेसाठी. देशात नुकतीच त्या सेवेत पहिली स्त्री दाखल झाली होती. दुसरी, तिसरी किंवा दहावी होण्यास माझी काही हरकत नव्हती. माझे वडील, आप्पा, शिपाई म्हणून भरती होऊन फौजदार झालेले. माझा बेत ऐकून ते इतकेच म्हणाले होते, "म्हणजे घरात शिरताना आता मीच सलाम ठोकायचा म्हण की."

दिवाळी संपल्यावर लगेच जिल्ह्यातल्या महाविद्यालयांसाठी सात रस्त्याजवळच्या एका सभागृहात प्रबंधवाचनाची स्पर्धा होती. तरुण शिक्षकांनाही तीत भाग घेता येत होता, आणि पहिल्या येणाऱ्याला पुण्याला पाठवणार होते. विषयांच्या यादीत एक होता ‘शांतिरक्षणात आंतरराष्ट्रीय पोलिसांची भूमिका’. तो कोणी घेत नव्हते. मी घेतला. उन्हाळा संपल्यापासून सायप्रसच्या बातम्या वर्तमानपत्रात येत होत्या, आणि संयुक्त राष्ट्रांचे निळ्या टोप्यांचे सैनिक सर्वांना माहीत होते. त्यांच्याबरोबर दूरदूरच्या देशांतले साधे पोलीसही त्या बेटावर दहा वर्षे काम करीत आहेत, हे मात्र मला वाचनालयातल्या एका मासिकामुळे कळले. डेन्मार्कचा, ऑस्ट्रेलियाचा शिपाई एका भूमध्य खेड्याच्या वेशीवर उभा असतो. त्याला अटक करण्याचा फारसा अधिकार नसतो. तो तक्रार ऐकतो, चौकशी करतो, नाक्यावर स्थानिक पोलिसांच्या शेजारी नुसता उभा राहतो, आणि ज्या शेतकऱ्याचे रान रेषेपलीकडे गेले आहे त्याच्याबरोबर रानापर्यंत चालत जातो. सैन्य दोन फौजांच्या मधे उभे राहते आणि हे लोक दोन शेजाऱ्यांच्या मधे, असे मी टिपणात लिहिले होते.

मला ही रचना फार सुबक वाटली. मी तिच्या तीन अटी काढल्या. असा पोलीस परका हवा, म्हणजे दोन्हीकडे त्याचे नातेगोते नको. भांडणाच्या निकालात त्याचा लाभ नको. आणि त्याच्या हातात हत्यार नको. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच त्याच्या असण्याला अर्थ आहे, असे माझे प्रतिपादन होते.

मी या अटी लिहिल्या नेमक्या त्याच आठवड्यात, दिवाळीच्या महिनाभर आधी, आप्पांची नेमणूक दुधनीच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या एका गावी झाली.

तिथे एक ओढा आहे. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक. अलीकडच्या गावाने ओढ्यात वाळूची पोती रचून पाणी अडवले होते आणि ऑइल इंजिन लावून ते रानात खेचायला सुरुवात केली होती. पलीकडचे गाव थोडे खालच्या अंगाला, त्यामुळे त्यांच्या वाट्याला ओले दगड तेवढे उरले. त्यांनी पोती फोडली. कोणाचे तरी डोके फुटले. मग कडब्याची एक गंजी जळाली, आणि त्यानंतर प्रकरण पाण्याचे राहिले नाही; ते मराठी आणि कानडीचे झाले. खरे तर दोन्ही गावांत दोन्ही भाषा बोलतात आणि लग्नात शिव्याही दोन्ही भाषांत देतात. पण भांडणाला नाव लागते, आणि हे नाव तयारच होते.

दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी एक तोडगा काढला. दोन्ही काठांवर पोलिसांचे तळ पडतील. मात्र ओढ्याच्या कोरड्या पात्रात दोन्हीकडचे शिपाई एकत्र पहारा देतील, आणि पात्रात उतरताना कोणी बंदूक आणणार नाही. ज्यांची राने विरुद्ध काठावर आहेत, त्यांना भुईमुगाच्या काढणीसाठी पोलीस सोबत करतील. हे आप्पांनी सांगितले तेव्हा मी अक्षरशः उभी राहिले. सायप्रस आमच्यापासून पॅसेंजर गाडीच्या अंतरावर आले होते.

फक्त पहिल्या अटीचे काय? आप्पांना निवडले गेले ते कानडी येते म्हणून, आणि कानडी येत होते कारण त्यांचे लहानपण त्याच भागात गेले होते. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, त्या अलीकडच्या गावात दिलेली होती. ओढ्यातल्या ऑइल इंजिनांपैकी एक तिच्या नवऱ्याचे होते.

"तुम्ही हे साहेबांना सांगितलंत का?" मी जेवताना विचारले.

"सांगितलं. साहेब म्हणाले, मग बरंच की, लोक ओळखतील."

सायप्रसमध्ये हेच टाळण्यासाठी हजारो मैलांवरून माणसे आणतात, हे मी त्यांना सविस्तर सांगितले. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतले. त्या लोकांना जेवायला कोण घालते, असे त्यांनी विचारले. मला ते माहीत नव्हते. आई म्हणाली की मुद्दे पुरे, भाकरी निवतेय. पण निघताना आप्पांनी आपला एक नियम मला ऐकवला. बंदोबस्त संपेपर्यंत ते बहिणीच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नव्हते आणि तिच्या घरचे पाणीसुद्धा पिणार नव्हते. तसा निरोप त्यांनी तिला धाडलाही होता. माझ्या पहिल्या अटीला हा पर्याय पुरेसा आहे काय, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते. पुरेसा नाही असे माझे मत होते, आणि ते मी बोलले नाही, कारण आई त्यांची वळकटी बांधत होती आणि तीच गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती.

दिवाळीच्या आधी ते एका संध्याकाळी कपडे बदलायला येऊन गेले. पलीकडच्या तळावरचा फौजदार समुद्राकाठच्या जिल्ह्यातला होता. त्याला मराठी येत नव्हते, आणि त्या भागातले कानडीही त्याला चमत्कारिक वाटे. मासळीवाचून तो दिवसेंदिवस रोडावत होता. पात्रातले शिपाई एका बाभळीखाली बसत आणि तंबाखू वाटून खात. काढणी सुरू झाली होती. पलीकडचे शेतकरी सकाळी ओढ्याच्या काठाशी जमत, आप्पा त्यांना अलीकडच्या रानात घेऊन येत आणि दिवस मावळायच्या आत शेंगांच्या पोत्यांसह परत पोचवीत. काही बोलतात का ते, असे मी विचारले. पहिले काही दिवस कोणी बोलले नाही, मग एका म्हाताऱ्याने कानडीत विचारले होते, "ऊटा आयता?" जेवण झाले का. तिकडे माणूस भेटला की हेच विचारतात. आप्पांना त्याचे फार अप्रूप वाटले होते. बहिणीचा विषय मी काढला तेव्हा ते म्हणाले की ती रोज विहिरीवरून येताना तळासमोरून जाते आणि बघत नाही.

भाऊबीजेला आई आणि मी फराळाचा डबा घेऊन दुधनीच्या गाडीत बसलो. चिवडा, कानवले, शेंगाचटणी, आणि न्हाणे झाले नसेल तर म्हणून उटण्याची पुडी. स्टेशनवर आत्याच्या घरची बैलगाडी आलेली होती. मी ती परत पाठवली. फौजदाराचे कुटुंब एका बाजूच्या गाडीतून तळावर उतरले असते तर ते योग्य झाले नसते. आई माझ्याकडे पाहत राहिली; मग आम्ही बाजार करून परतणाऱ्या एका तिऱ्हाइताच्या छकड्यातून, मिरच्यांच्या पोत्यांवर बसून गेलो.

तळ अलीकडच्या गावच्या शाळेत होता. शाळेसमोर उतार आणि उताराखाली ओढा. आम्ही पोचलो तेव्हा पलीकडचे शेतकरी कुदळी घेऊन पात्रात उभे होते, बायकांच्या डोक्यावर रिकामी पोती होती, आणि आप्पा त्यांना रानाकडे न्यायला उतरण्याच्या बेतात होते. त्यांनी आम्हाला पाहिले, हसले, आणि हातानेच थांबा म्हणाले.

त्याच वेळी आत्या आली. अंगावर लग्नातले लुगडे, हातात ताट, ताटात निरांजन. वारा होता. पदराचा आडोसा करून ती इतकी सावकाश चालत होती की सगळ्या काठाने तिला येताना पुरते पाहून घेतले. तिच्यामागे गावातल्या चारदोन बायका होत्या. भाऊ दारावरून जातो आणि पाण्याला शिवत नाही, म्हणून ज्यांनी तिला महिनाभर डिवचले होते, त्याच ह्या.

आप्पा तिला म्हणाले, "इथं मी कुणाचा भाऊ नाही. घरी जा. बंदोबस्त उठला की येतो."

"तुज्या आयुष्याची वात हाय ही, दादा," ती म्हणाली. "पेटवून आणलेली. न ओवाळता माघारी कशी नेऊ? तूच सांग."

तिचा आवाज मुळीच चढलेला नव्हता.  आई कधी व्रतवैकल्यांच्या मागे लागणारी नाही, पण नवऱ्याच्या नावाने लावलेली ज्योत विझत परत जावी आणि त्याने त्याच पायांनी दोन गावांच्या मधे जाऊन उभे राहावे, एवढे बळ तिच्यात नव्हते. तिने आप्पांकडे पाहिले. ते पाहणे मला दिसले, आणि आप्पांनाही.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हवालदाराच्या हातात दिली. पोलीस बाजूला ठेवला, आता उरला तो भाऊ, असा त्यातला त्यांचा हिशोब. पण उघड्या डोक्याच्या माणसाला ओवाळत नाहीत. म्हणून त्यांनी खिशातला रुमाल उलगडून डोक्यावर ठेवला आणि शाळेच्या पायरीवर बसले. आत्याने कुंकू लावले, अक्षता टाकल्या, ओवाळले. आप्पांनी ताटात ओवाळणी टाकली, उठले, रुमाल खिशात घातला, टोपी घेतली. सगळा प्रकार एखादे भांडे घासून होईल इतक्या वेळात आटोपला. मी मात्र पात्राकडे पाहत होते. तिथून टोपीचे आणि रुमालाचे हे बारकावे दिसण्यासारखे नव्हते. तिथून दिसत होता फौजदाराच्या कपाळावरचा टिळा.

आप्पा उतार उतरून गेले तेव्हा तिथे फक्त एक म्हातारा उरला होता. बाकीचे कुदळी खांद्यावर टाकून पलीकडचा काठ चढत होते. म्हातारा काही तरी बोलला आणि तोही वळला. आप्पा परत आल्यावर आईने विचारले, काय म्हणाला. "म्हणाला, पाव्हणं हायसा तुमी त्यांचं, आदी सांगायचं न्हाय व्हय." त्याने हे मराठीत सांगितले होते. जेवण झाले का असे विचारणारा तो हाच; आजवर तो आप्पांशी फक्त कानडीत बोलत असे.

परतीच्या गाडीत मी मनाशी हिशोब मांडून पाहिला. माझी पहिली अट बरोबर ठरली होती, आणि मला त्याचा तिळमात्र आनंद नव्हता. समीकरण जुळल्यावर होणारा आनंद मला चांगला ओळखता येतो. हा तो नव्हता. फराळाचा डबा आम्ही तळावर ठेवून आलो होतो. उटण्याची पुडी आईच्या पिशवीतच राहिली होती, ती तिला अक्कलकोट रोडला सापडली आणि ती खिडकीबाहेर पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका सायकलवरून उतरले. त्यावरूनच कळले. अहवालात शब्द होते, ‘परिस्थिती तणावपूर्ण, परंतु नियंत्रणात’. आईने मला अर्थ विचारला. मी म्हणाले, नियंत्रणात म्हणजे ठीक आहे. तिने विचारले, मग निरंक का नाही म्हणत? बाकीचे काकांकडून कळले: पलीकडचे लोक काढणीला आले नव्हते. रात्रीतून अलीकडच्या कोणीतरी पुन्हा पोती रचली होती, आणि पात्रातल्या एका शिपायाला दगड लागला होता. कोणत्या काठावरून आला ते दोन्हीकडच्या पोलिसांनी वेगवेगळे सांगितले. बाभळीखाली आता ते एकत्र बसत नव्हते.

त्याच्या पुढच्या संध्याकाळचा अहवाल हवालदाराच्या नावे आला: फौजदार ओढ्यापलीकडे गेले आहेत, अद्याप परतलेले नाहीत. काकांनी तो आम्हाला सांगावा की नाही यावर बराच विचार केला असावा, कारण ते आले तेव्हा त्यांच्या पत्नीही बरोबर होत्या. बरोबर कोणी गेले आहे का? नाही. हत्यार? तेही नाही, ते तळावर जमा करून गेले होते. का गेले, हे अहवालात नव्हते. आणि मग अहवालच बंद झाले. तळावरच्या यंत्राची बॅटरी उतरली असणार, ती दुधनीला चार्जिंगला गेली असणार, असे काका म्हणाले. हे अगदी शक्य होते. बॅटरी काय असते हे मला तिथल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होते, पण त्याने धीर येत नव्हता.

अहवालाविना दोन संध्याकाळी गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी स्पर्धा होती. मी न जाण्याचे ठरवले होते. आई म्हणाली, "तू इथं बसून काय मोजणार आहेस?" प्रश्न कठोर होता आणि योग्य होता. काकांनी एक व्यवस्था सुचवली. ते बिनतारी खोलीत थांबतील, आणि बातमी आली की, कसलीही असो, आधी आईला सांगून मग सभागृहात येतील.

सभागृह अर्धे भरलेले होते. बाहेर सात रस्त्यावरचे भोंगे आणि टांग्यांची घुंगरे ऐकू येत होती. मी वाचायला उभी राहिले आणि वाचू लागले. सायप्रस, नाके, रेषेपलीकडची शेते. आवाज माझाच होता आणि तो स्थिर होता. त्याचे मला आश्चर्य वाटत होते. मी पहिली अट वाचली. परका माणूस हवा. दुसऱ्या अटीपाशी मागचे दार उघडले आणि काका आत आले. अंगावर गणवेश. ते दारातच उभे राहिले, आणि अंधारात सरावण्यासाठी माणूस थांबतो तसे थांबले. त्यांचा चेहरा सावलीत होता. माझे वाक्य चालू होते. ते मी थांबवू शकले नाही, कारण थांबवले असते तर पुन्हा सुरू करता आले नसते. हातातला कागद मी स्टँडवर ठेवला. वाईट बातमी आणणारा माणूस अध्यक्षांना चिठ्ठी पाठवतो, हातवारे करतो, निदान उभा तरी राहतो. काकांनी इकडेतिकडे पाहिले, मागच्या ओळीत एक रिकामी खुर्ची शोधली, तिच्यावरची धूळ रुमालाने झटकली, आणि बसले.

ती झटकलेली खुर्ची मी आयुष्यात विसरणार नाही. तिसरी अट मी कशी वाचली ते मला आठवत नाही.

वाचन संपल्यावर परीक्षकांपैकी एक वकील गृहस्थ होते, त्यांनी विचारले की माझ्या तीन अटींपैकी एखादी मोडली तर तो पोलीस निरुपयोगी ठरतो काय. मी म्हणाले, "त्याचा एक प्रयोग सध्या चालू आहे. निष्कर्ष अजून हाती आलेला नाही." लोक हसले. त्यांना ते हजरजबाबीपणाचे वाटले. मला दुसरा क्रमांक मिळाला आणि पुण्याला दुसरेच कोणी गेले.

काकांकडून बाहेर येता येता कळले ते एवढे: बॅटरी आली होती, यंत्र लागले होते, पहिला शब्द निरंक होता. आप्पा सुखरूप होते. मात्र ते अजून पलीकडेच होते.

ते परतले त्याला आणखी काही दिवस लागले. साहेब स्वतः जाऊन आले, तिथे नवा फौजदार नेमला गेला, कोकणातला, ज्याचे त्या तालुक्यात कोणी नव्हते आणि ज्याला कानडीचा एक शब्द येत नव्हता. आप्पांच्या हातात हद्द ओलांडल्याबद्दल खुलासा मागणारा कागद होता. त्यांनी तो आईकडे दिला, तिने तो देवाजवळ ठेवला, आणि त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या आणला.  अंघोळ करून, दुपारचे जेवून, दिवस कलल्यावर त्यांनी आपणच सांगायला सुरुवात केली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दगड लागला तेव्हाच त्यांना कळले होते की आता पात्रात उभे राहून काही उपयोग नाही. पलीकडच्यांच्या दृष्टीने ते पात्रात नव्हतेच, ते अलीकडच्या काठावर होते. मग त्यांनी समुद्राकाठच्या त्या फौजदाराशी बोलून घेतले. तो अलीकडे येऊन शाळेत राहील, आणि आप्पा पलीकडच्या गावच्या चावडीत. वरच्यांना विचारले असते तर परवानगी मिळाली नसती, म्हणून विचारले नाही. पलीकडे जाऊन त्यांनी गावाला सांगितले की पोती कोण रचतो ते मला ठाऊक आहे, त्यांत माझा मेव्हणाही आहे. आता मी तुमच्यात राहतो. ती पोती निघाली नाहीत तर माझे काय करायचे ते तुम्ही ठरवा.

"ओलीस," मी म्हणाले.

"पाव्हणा म्हण की," आप्पा म्हणाले. "पाव्हणा तर झालोच होतो. मग दोन्हीकडचा व्हावं म्हटलं."

अलीकडे ही बातमी आत्याला त्याच दिवशी कळली. तिने नवऱ्याला काय सांगितले ते आम्हाला नंतर तिच्याकडूनही नीट कळले नाही. पण दुसऱ्या सकाळी त्याचे इंजिन ओढ्यातून वर आले, आणि पोती त्याने स्वतः खांद्यावर वाहून काढली. इतरांनी बघितले आणि हळूहळू आपापली काढली. पलीकडच्यांचा भुईमूग घरात गेला. नवा फौजदार आला तोवर बाभळीखाली पुन्हा तंबाखू वाटली जात होती. त्यानंतर शांतता टिकली ती आप्पांमुळे, की परक्या फौजदारामुळे, की काढणी संपल्यामुळे, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या की प्रयोगाचे वाटोळे होते. माझी पहिली अट मी खोडलेली नाही. पुढेमागे त्या सेवेत शिरले, तर कोणालाही त्याच्या बहिणीच्या गावी बंदोबस्ताला पाठवायचे नाही, असे मी तेव्हाच ठरवले.

आईला मात्र एवढेच हवे होते, की तिथे त्यांना भीती वाटली होती का.

 आप्पा म्हणाले की पहिल्या रात्री चावडीच्या ओट्यावर त्यांच्याजवळ दोघे काठ्या घेऊन बसले होते, ते सकाळपर्यंत डोळा न लावता. भाकरी आणून देत, पाणी देत, बोलत मात्र नव्हते. दुसऱ्या रात्री त्यांतला एकच आला, आणि तोही भिंतीला टेकून पेंगला.

"आणि मग?" आईने विचारले.

"मग एका संध्याकाळी तो म्हातारा आला. ऊटा आयता, म्हणाला. आयतु, झालं, म्हटलं. घोंगडं टाकून गेला. त्या रात्री कुणीच आलं नाही. सगळं गाव मला एकट्याला सोडून झोपलं." त्यांनी तांब्यातले उरलेले पाणी प्यायले. "तेव्हा मलाही झोप लागली."

आई उठली. बाहेर सायकलची घंटी वाजली. काका सवयीने दारासमोर हळू झाले, आत आप्पांना पाहून हसले आणि काही न बोलता पुढे गेले. परातीत पीठ काढून आईने त्यात पाणी घातले.